नागपुरात अल्झायमरच्या पेशंटला ठेवून घेणारं सेंटर सांगा, अर्जंट

लेक_खामला: आईला घरी सांभाळणं आता जमून नाही राहिलं. रात्री उठते, कडी काढते, मले हिंगणघाटले जायचं म्हणते अन् निघते, परवा चौकातल्या चहावाल्याने ओळखलं म्हणून घरी आली. वृद्धाश्रमवाले अल्झायमर म्हटल्याबरोबर नाही म्हणतात. खामला, प्रतापनगर, मनीषनगर या बाजूला असेल तर बरं. कृपया फक्त पत्ते द्या, घरीच ठेवा वगैरे नको.

महालकर: वय काय, स्वतः जेवतात का, आंघोळ-संडासला हात द्यावा लागते का, बजेट किती?

लेक_खामला: ७४. जेवते स्वतः, आंघोळ मी घालते. निदान मागच्या वर्षी झालं, डोनेपेझिल सुरू आहे. बजेटचं मग बघू, आधी जागा तर सांगा!

वैदर्भीय_सून: काहून पाठवता बाप्पा आईले? सासूबाईंसाठी आम्ही चोवीस तासाची बाई ठेवली, आतली कडी पार वर लावली, त्यांचं लक्षच जात नाही तिकडे. ब्राह्मी देऊन पाहा तुपातून, आमच्याकडे खूप फरक पडला.

महालकर: ब्राह्मीने अल्झायमर बरा होत नाही हो ताई. डोनेपेझिलनेही नाही होत, काही काळ लक्षणं आटोक्यात राहतात एवढंच. अन् बाई सुट्टीवर गेली की काय करता?

वैदर्भीय_सून: मी आहे ना घरी. बरा होते असं मी म्हटलंच नाही.

पेन्शनर_काका: घर कोणाच्या नावावर आहे? मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नका, माणसाची समज गेली की कायद्याने ते संपते, मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागते. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखलाही लागेल.

लेक_खामला: काका, घराचं मी विचारलंच नाही. जागा सांगा.

सिस्टर_नागपूर: ताई, हे रात्रीचं निघणं हळूहळू वाढलं की अचानक? सर्दीची, खाजेची, झोपेची काही गोळी नवीन सुरू केली का?

लेक_खामला: नवीन गोळी नाही. आधी फक्त संध्याकाळ झाली की चिडायची, रात्रीचं हे मागच्या आठवड्यापासूनच. लघवीलाही सारखी जाऊन राहिली पण ते वयामुळे असेल.

सिस्टर_नागपूर: वयामुळे म्हणून सोडू नका. उद्या सकाळीच डॉक्टरांना दाखवा, लघवीची रुटीन अन् कल्चर, सोबत सोडियम आणि शुगर करायला सांगा. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन झालं तर ताप न येताही असा गोंधळ उडतो, त्यात आपल्याकडचं ऊन, तहान लागल्याचं त्यांना कळत नाही, पाणी पोटात जात नाही. हे वाढलेलं बरेचदा औषधाने खाली येते. सेंटर शोधणं थांबवू नका, पण आत्ताच्या या हालतीत नव्या जागी नेलं तर त्या जास्तच घाबरतील. आणि जागा बघायला दिवसा जाऊन आलात तरी रात्रीही एक चक्कर मारा. रात्री ड्युटीवर कोण असते, पेशंटला बांधतात का, झोपेचं औषध कोणाला विचारून देतात, तोंडावर विचारा. गडबडून उत्तर दिलं तर परत या.

पेन्शनर_काका: ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ लावा, फुकट आहे, वृद्धाश्रमांची माहिती देतात. अल्झायमर आहे हे आधीच सांगा.

लेक_खामला: सकाळी सँपल देते, फोनही लावते. पण नाव अजून एकानेही दिलं नाही. बायकांची वेगळी सोय असलेली, स्वतः पाहिलेली जागा कोणाला माहीत असेल तर आजच कळवा.

वैदर्भीय_सून: जागा नाही माहीत. आमच्या बाईची बहीण रात्रीचं काम शोधून राहिली, प्रतापनगरलाच राहते. सेंटर भेटेपर्यंत पाहिजे असेल तर मेसेज करा.