मदत हवी आहे: दुकानातल्या पीसीवरचं फोल्डर लॅपटॉपवर उघडेना

नमस्कार मंडळी, खानापूरहून लिहितोय. खाली लग्नपत्रिकांचं दुकान, वर घर. मराठी-कन्नड सगळी डिझाइनं खालच्या विंडोज ७ च्या पीसीवर. वर नवा लॅपटॉप, विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. राउटर एकच, पिंगला, म्हणजे जोडणीच्या चाचणीला, उत्तर येतंय; पण शेअर केलेलं फोल्डर उघडायला गेलं की गेस्ट म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय, शिरता येणार नाही असा मेसेज. पीसीवर पासवर्डची अट मीच काढून ठेवलीय. तिथंच घोळ असणार बहुतेक. मग पीसीवर पासवर्डवालं वेगळं खातं काढलं की भागेल, की लॅपटॉपवरही काही बदलावं लागेल? एकजण म्हणाला एसएमबी १, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, चालू कर. २०१७ चं वॉनाक्राय, ते फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस, त्याच वाटेनं पसरलं होतं, तेवढं नको बाबा! सध्या पेनड्राइव्ह खिशात घालून जिना चढ-उतार चाललाय, त्यात लग्नसराई.