ट्रान्सफॉर्मरचं जुनं तेल पाण्यात टाकून तपासण्याबद्दल

वर एकांनी लिहिलंय की तेल पाण्यावर तरंगलं म्हणजे त्यात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, पूर्वी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जाणारं विषारी रसायन) नाही. कृपया या भरवशावर राहू नका. शुद्ध पीसीबी पाण्यापेक्षा जड असल्यानं बुडतं, हे खरं. पण साध्या तेलात ते थोडंसं मिसळलेलं असेल तर तेल तरंगतच राहतं, आणि मर्यादा तर ५० पीपीएमची, म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम! ते प्रयोगशाळेतच कळतं. तेल गाळायचं एकच फिल्टर मशीन या ट्रान्सफॉर्मरवरून त्या ट्रान्सफॉर्मरला लावलं तरी अशी सरमिसळ होते.

आता साठवणुकीचं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. हिंगण्याला एका शेडमध्ये पत्र्याखाली काठोकाठ भरलेले ड्रम फुगून गळताना मी पाहिलेत, शेजारीच नाली. ड्रममध्ये वर जागा सोडा, खाली लोखंडी ट्रे ठेवा. सांडलंच तर पाण्यानं धुऊ नका, कोरडी वाळू टाका आणि ती वाळूही घातक कचऱ्यातच द्या.

आणि जुने कपॅसिटर भंगारवाल्याला मुळीच देऊ नका, त्यांतही पीसीबी असू शकतं. उघड्यावर जाळले की डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन तयार होतं, ते जाळणाऱ्या पोरांच्याच छातीत जातं.