व्हीओडी सर्व्हर: खास पेटी घ्यावी की साधा सर्व्हर?

हेडएंड_०७: जुना व्हीओडी (मागणीनुसार व्हिडिओ) सर्व्हर एमपीईजी-२ (जुना व्हिडिओ फॉरमॅट) स्ट्रीम क्यूएएमवर (केबलवरून डिजिटल चॅनेल पाठवायची पद्धत) सोडतो. आता मोबाईल, टीव्ही अ‍ॅप दोन्ही हवेत. नवा खास सर्व्हरच घ्यावा का?

पॅकेजर: नको. ३.७५ एमबीपीएसचे १० स्ट्रीम एका ६ मेगाहर्ट्झ क्यूएएम चॅनेलमध्ये ठरल्या गतीने सोडायचे, म्हणून ती महागडी पेटी लागायची. इंटरनेटवर व्हिडिओ तुकड्यांत पाठवायच्या पद्धती, एचएलएस (२००९) आणि डॅश (२०१२), साध्या एचटीटीपीवर चालतात, म्हणजे वेबपेजसारख्याच. एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क, भरपूर रॅम, एनजिनएक्स (वेब सर्व्हर सॉफ्टवेअर) आणि पुढे कॅश, एवढ्यावर भागतं. खर्च आता एन्कोडिंग आणि डीआरएमकडे (कॉपी-संरक्षण) सरकलाय.

हेडएंड_०७: मग एचएलएस, डॅश दोन्हीसाठी फाइली दोनदा ठेवायच्या?

पॅकेजर: सीएमएएफ (दोन्हींना चालणारा फाइल फॉरमॅट) वापरा, सेगमेंट (व्हिडिओचे तुकडे) एकच, मॅनिफेस्ट (तुकड्यांची यादी) दोन. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर कीफ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दर ५० फ्रेमनी, सीन-कट (दृश्य बदललं की मध्येच कीफ्रेम) बंद. नाहीतर दर्जा बदलताना चित्र अडखळतं.

बिटरेट_बाबा: एक मेख आहे. डीआरएमसाठी एन्क्रिप्शन सीबीसीएस पद्धतीचं ठेवलं तर जुने अँड्रॉइड टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स रुसतात, त्यांना सीईएनसी ही दुसरी पद्धत लागते. म्हणजे पुन्हा दोन प्रती! आधी ग्राहकांकडचे बॉक्स मोजा. एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचंही तेच, बॉक्समध्ये त्याचा हार्डवेअर डीकोडर नसेल तर जुना एच.२६४ ठेवावाच लागेल.