'शासनाची मालकी प्रस्थापित करणे' म्हणजे नेमकं काय?

गडवाट
किल्ल्याच्या पायथ्याच्या जमिनीबद्दल माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका बातमीत वाक्य आहे: 'सदर क्षेत्रावर शासनाची मालकी प्रस्थापित करण्यात येईल.' जमीन दुसऱ्याची आहे आणि सरकार ती घेणार, की सरकारचीच आहे आणि ते आता सिद्ध करणार? शिवाय 'घेरा', 'सरकारजमा', 'संरक्षित क्षेत्र' हे शब्द एकाच जमिनीसाठी आलटून पालटून वापरलेत. ते समानार्थी आहेत का?

मोजणीदार
अजिबात नाहीत. आणि 'प्रस्थापित' हा शब्दच गुळमुळीत आहे.

जमीन मुळात सरकारची असेल तर हक्क *शाबीत* करायचा असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार जी जमीन कुणाच्या मालकीची नाही ती राज्य शासनाची. कुणी दावा सांगितला तर जिल्हाधिकारी नोटीस काढून रीतसर चौकशी करतात आणि हक्क कोणाचा ते ठरवतात. तो आदेश मान्य नसेल तर वर्षाच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो. यात नवी मालकी जन्माला येत नाही, असलेली ठरवली जाते.

*सरकारजमा* वेगळं. जमीन अटींवर दिली होती, शर्तभंग झाला, परत घेतली. मोबदला देऊन घेतली तर ते भूसंपादन. बातमीदार या तिन्हींना एकाच 'प्रस्थापित'च्या पोत्यात भरतात.

जुन्या नोंदी जास्त काटेकोर होत्या. 'मुलकी पड' म्हणजे सरकारचीच पडीक जमीन. 'आकारीपड' म्हणजे कधीकाळी खातेदाराची होती, पण आकार (शेतसारा) थकला म्हणून सरकारकडे आली. आज दोन्ही सरकारीच, पण इतिहास उलटा.

पाटीपेन्सिल
'शाबीत' अरबी 'साबित'वरून आलेला, कोर्टात अजून ठणठणीत आहे. सरकारी मराठीत त्याच्या जागी 'सिद्ध' आलं आणि मग कुणाला तरी 'प्रस्थापित' जास्त भारदस्त वाटलं असावं. 'निहित' मात्र ठेवा. 'जमीन शासनाकडे निहित झाली' म्हणजे कायद्याच्या जोरावर हक्क शासनाकडे गेला. तिथे दुसरा शब्द बसत नाही.

गडवाट
पण मोजणीदार, सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन' असेल तर शाबीत करायला उरलं काय?

मोजणीदार
सातबारा ही महसुली नोंद. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरायची, असं कलम 157 सांगतं. म्हणजे वजन मोठं, पण शेवटचा शब्द नाही. फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, कशाच्या आधारे झाला ते पाहावंच लागतं.

दप्तरबंद
गडाजवळच्या जमिनीत खरी मेख 'घेरा' या शब्दात आहे. घेरा म्हणजे गडाच्या भोवतालचा, गडाच्या राखणीशी जोडलेला टापू. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर, घेरा रसाळगड ही गावांची नावं आजही चालू आहेत. म्हणजे घेरा हा टापूचा शब्द, मालकीचा नव्हे. घेऱ्यातली जमीन सरसकट 'किल्ल्याची, म्हणून सरकारची' असं म्हणता येत नाही.

कारण मेटांवर (गडाच्या वाटेवरच्या चौक्यांवर) पहारा करणारे मेटकरी आणि गडावरचे गडकरी यांना चाकरीपोटी जमिनी असत. चाकरी होती तोवर प्रश्न नव्हता. राज्य बदललं, गडाची गरज संपली, मग जमीन कोणाची? कोल्हापूर संस्थानात 1844 साली गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या अखत्यारीत देण्याचं ठरलं आणि सामानगड, भुदरगडाच्या गडकऱ्यांनी बंड केलं. कारभाऱ्यांच्या लेखी ती जमिनीची व्यवस्था होती, गडकऱ्यांच्या लेखी जप्ती. 'प्रस्थापित' शब्द वाचला की मला हेच आठवतं, तो कारभाऱ्यांच्या बाजूने बोलतो.

अवांतर: 'खालसा' याच कुळातला. मूळ अर्थ शुद्ध, निर्भेळ. म्हणून मधल्या कुणाचा वाटा नसलेली, थेट सरकारची जमीन. संस्थानं 'खालसा' झाली ती याच अर्थाने.

पाटीपेन्सिल
राहिलं 'संरक्षित'. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना 1958 चा केंद्रीय कायदा लागतो. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून किमान 100 मीटर 'प्रतिबंधित क्षेत्र' आणि त्यापुढे किमान 200 मीटर 'विनियमित क्षेत्र'. ही बंधनं बांधकामावर आहेत. त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचं नाव सातबाऱ्यावरून त्यामुळे जात नाही. राज्य संरक्षित स्मारकांचा कायदा वेगळा, 1960 चा.

दप्तरबंद
आणि किल्ला लष्कराकडे असेल, जसा अहिल्यानगरचा (पूर्वीचं अहमदनगर) भुईकोट, तर 'शासन' म्हणजे कोणतं तेही लिहावं लागतं. मराठीत 'शासन' म्हटलं की वाचक राज्य शासन समजतो. छावणी (कँटोन्मेंट) हद्दीत तर जमिनीच्या नोंदी 'जनरल लँड रजिस्टर'मध्ये असतात.

गडवाट
मग वाक्य असं करू का: 'सदर जमीन राज्य शासनाच्या मालकीची आहे किंवा कसे, हे चौकशी करून ठरवण्यात येईल'?

मोजणीदार
'किंवा कसे' अगदी कचेरीतलं. चालेल. फक्त बातमीच्या खालच्या परिच्छेदात त्या जमिनीवरच्या लोकांना 'अतिक्रमणधारक' म्हटलं असेल तर तेही बदला. चौकशी व्हायची असताना तो शब्द निकाल लावून मोकळा होतो. तोवर 'कब्जेदार' लिहा.