लायन्सचा २०२३ चा हंगाम : तुम्ही कुठून पाहिलात?

डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा विषय आमच्याकडे वर्षातून एकदा निघायचा, थँक्सगिव्हिंगला. त्या दिवशी त्यांचा सामना ठरलेला असतो. २०२३ च्या हंगामात मात्र ते दर आठवड्याला जेवणाच्या टेबलावर आले. १७ पैकी १२ सामने जिंकले, १९९३ नंतर पहिल्यांदा गटविजेते झाले, ३२ वर्षांनी बाद फेरीत जिंकले आणि सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, दारातून परत फिरले. मला तुमच्या आठवणी हव्या आहेत. कुठे बसला होतात, शेजारी कोण होतं, अजून काय आठवतं? मोकळेपणानं लिहा.

*

मिशिगनमधल्या नोव्हायहून लिहितोय. मी इथे २००८ च्या ऑगस्टमध्ये आलो. त्या वर्षी लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले, आणि त्याच हिवाळ्यात आमच्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत दर शुक्रवारी कोणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं. मला फुटबॉल कळत नव्हतं. शेजारचे आजोबा मात्र दर रविवारी निळी टोपी घालून टीव्हीसमोर बसलेले खिडकीतून दिसायचे. आयुष्यभर कारखान्यात साचे बनवले त्यांनी. १९५७ साली लायन्स शेवटचे विजेते झाले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. खेळाचे नियम मला त्यांनीच शिकवले, बर्फ उपसता उपसता.

२०२१ मध्ये डॅन कॅम्पबेल प्रशिक्षक झाला. पहिल्या वर्षी तीन विजय, तेरा पराभव, एक बरोबरी. दुसऱ्या वर्षी पहिल्या सातांत एकच विजय, पण शेवट ९-८. तेव्हा आजोबा म्हणाले, "ही पोरं हरतानाही पळायचं थांबवत नाहीत, बघ."

१४ जानेवारी २०२४ ला लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्धचा बाद फेरीचा सामना बघायला ते आमच्याकडे आले. एकट्यानं बघवणार नाही म्हणाले. २४-२३, एका गुणाची आघाडी, दोन मिनिटं उरलेली. चेंडू रॅम्सकडे गेला असता तर सगळं संपलं असतं. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, गॉफ यानं सेंट ब्राऊनला पास दिला, अकरा यार्ड, फर्स्ट डाऊन. म्हणजे पुन्हा नव्यानं चार संधी, चेंडू आमच्याकडेच. आता घड्याळ संपवायचं एवढंच उरलं. बायकोनं आनंदानं ओरडून पोरं जागी केली. आजोबा खुर्चीचा हात धरून उभे राहिले आणि कोट मागितला. "भावाला फोन करायचाय. तो १९९२ चा सामना आम्ही एकत्र बघितला होता."

*

माझी आठवण वाईट आहे. ३० डिसेंबर, डॅलस. शेवटी दोन गुणांसाठी आमच्या डेकरनं झेललेला चेंडू पंचांनी अवैध ठरवला. तो लाइनमन, त्याला पास झेलायचा तर आधी पंचांना तशी वर्दी द्यावी लागते, आणि त्यांच्या मते त्यानं ती दिली नव्हती. २०-१९ हार. तो पंचांकडे चालत गेलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. आजही पटत नाही.

*

पुण्याहून. डेट्रॉइटला शिकायला होते, २०१९ ला परतले. रॅम्सचा सामना इथे १५ जानेवारीच्या सकाळी साडेसहाला सुरू झाला, नेमकी संक्रांत. एका हातानं तीळ भाजत होते, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवलेला. तीळ करपले, पुन्हा भाजले.

मला एक गोष्ट सांगायचीच आहे. रॅम्सचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड डेट्रॉइटकडून बारा हंगाम खेळला होता. २०२१ मध्ये त्याच्या बदल्यात गॉफ आला. त्या रात्री स्टेडियमनं गॉफच्या नावाचा गजर केला, ते योग्यच होतं. ज्याला रॅम्सनं नको म्हटलं, त्याला या गावानं आपलं म्हटलं. पण स्टॅफर्ड मैदानात आला तेव्हा त्याची हुर्यो उडवली, ते मला फार लागलं. वाईट काळात बोटं मोडलेली असताना, बरगड्या दुखत असताना तो आमच्यासाठी खेळला होता. आमचा विजय झाला आणि मी रडले, त्यात थोडं त्याच्यासाठीही होतं.

*

सांता क्लारात, २८ जानेवारीला, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या सामन्याला, लाल समुद्रात निळी जर्सी घालून बसलो होतो. मध्यंतराला २४-७. वडिलांना नाशिकला फोन करून सांगितलं, आपण सुपर बोलला चाललो. तिसऱ्या सत्रात त्यांच्या पर्डीचा लांब पास आमच्या व्हिल्डोरच्या शिरस्त्राणाला लागून उडाला आणि त्यांच्याच अयुकनं पडता पडता झेलला. ५१ यार्ड! चेंडू हवेत होता तो क्षण मला अजून दिसतो. पुढे आमच्या गिब्सच्या हातून चेंडू सुटला, आणि सतरा गुणांची आघाडी त्याच सत्रात संपली. ३४-३१. बाहेर पडताना लाल जर्सीतल्या एका बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. काही बोलली नाही.

*

कँटन, मिशिगन. त्या हिवाळ्यात आई कराडहून सहा महिन्यांसाठी आली होती. चार संधींत दहा यार्ड हे तिला दुसऱ्याच रविवारी कळलं. तिचा प्रश्न एकच : चौथ्या संधीला इतर संघ चेंडू लाथाडून मोकळे होतात, हा कॅम्पबेल पुन्हा पळवायला का सांगतो? मी म्हणायचो, आई, तो पोरांवर विश्वास टाकतो. मिनेसोटात २४ डिसेंबरला आमच्या मेलिफोन्वूनं त्यांचा शेवटचा पास हिसकावून गटविजेतेपद आणलं, तेव्हा ती म्हणाली, "विश्वास टाकणारा माणूस आहे खरा."

सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध त्यानं दोनदा तेच केलं. २४-१० असताना दोन यार्ड हवे होते, रेनल्ड्सच्या हातून पास सुटला. मग २७-२४ नं मागे असताना तीन यार्ड हवे होते, तेही नाही जमलं. दोन्ही वेळा फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथेनं खांबांमधून मारायचे, तीन गुण घेता आले असते. आणि हरलो किती गुणांनी? तीन.

माझं मत अजून तेच आहे : ज्या सवयीनं संघ तिथवर पोचला, ती त्याच दिवशी सोडणं बरं नव्हतं. आईचं मत वेगळं. "पहिल्यांदा घ्यायचे होते तीन. पुढे असताना घ्यायचे." यावर आम्ही दोघं रात्री साडेअकरापर्यंत भांडलो.

सकाळी ती चहा घेऊन आली. "या कॅम्पबेलला काढणार का रे आता?"

"नाही, आई."

"बरं झालं," म्हणाली, आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला.