मदत हवी आहे : पाहणारे वाढले, पण वर्षाचा मसाला घेणारी घरे सापडत नाहीत

सर्व सभासदांना नमस्कार.

लालबागमध्ये आमचे मिरची-मसाल्याचे छोटे दुकान आणि त्याच्या मागच्या बाजूला कांडप आहे. माझ्या सासऱ्यांनी ते सुरू केले तेव्हा आजूबाजूच्या गिरण्या चालू होत्या आणि गिऱ्हाईक शोधायला कुठे जावे लागत नसे. चाळीतल्या कोकणातल्या घरांना मालवणी मसाला लागे, घाटावरच्या घरांना कांदा-लसूण मसाला लागे, आणि पगार झाला की दोघेही पायी येत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत ही घरे एकेक करून डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार अशी पांगली. त्यांतली काही अजूनही मार्च-एप्रिलमध्ये लोकलने येऊन, समोर बसून, वर्षाचा मसाला कुटून नेतात. पण येणाऱ्या बायका आता साठीच्या पुढच्या आहेत आणि त्यांच्या सुना-मुलींना आमचे दुकान ठाऊक नाही. या सुना-मुलींपर्यंत पोहोचता यावे, एवढ्याच हेतूने मी दोन वर्षांपूर्वी इन्स्टाग्रामवर दुकानाचे खाते उघडले.

पहिले वर्ष संथ गेले. नंतर मी डंकाचे, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्राचे, एक रील टाकले. ब्याडगी मिरचीवर लोखंडी मुसळ पडते आहे, लाल भुकटी उडते आहे आणि मागे त्या दिवसांत गाजत असलेले गाणे आहे, एवढेच त्यात होते. ते सहा लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले आणि फॉलोअर नऊशेवरून चौदा हजारांवर गेले. आम्हा सर्वांना फार आनंद झाला. सासूबाईंनी शेजारी पेढे वाटले. त्या पंधरवड्यात मागण्या मात्र अकरा आल्या, आणि त्यांतल्या सात जुन्याच गिऱ्हाइकांच्या होत्या. इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्राम दाखवते त्या आकडेवारीत, पाहणाऱ्यांच्या शहरांची यादी पाहिली तर दिल्ली आणि लखनौ वर होते, मुंबई चौथी आणि ठाणे यादीतच नव्हते. डंक पाहायला आवडणारी माणसे देशभर आहेत, याचे मला वाईट वाटत नाही; पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ती माणसे त्यांत नव्हती.

त्यानंतर माझ्या हातून चूक झाली. ‘तीन महिन्यांत ब्रँड उभा करून देतो’ असे सांगणाऱ्या एका संस्थेला मी काम दिले. त्यांनी मला मराठी सोडून हिंदीत बोलायला सांगितले, रोज एक पोस्ट टाकली, आणि दहा दिवसांत फॉलोअर पाच हजारांनी वाढवून दाखवले. मी त्यांतली काही खाती उघडून पाहिली, तेव्हा त्यांवर ना फोटो होता, ना एकही पोस्ट. दरमहाच्या अहवालात फॉलोअरचा आकडा ठळक अक्षरांत असे. किती जणांनी चौकशी केली याला मात्र रकानाच नव्हता. आता माझी नवी रील्स पूर्वीच्या निम्म्या लोकांपर्यंतही जात नाहीत. पैसे गेले ते गेले, पण दुकानाच्या नावावर चिकटलेली ती रिकामी खाती मला रोज टोचतात.

नवी मिरची जानेवारीपासून बाजारात येऊ लागेल आणि आमचा खरा हंगाम फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत असतो, म्हणून आत्ताच विचारते आहे. जे लोक वर्षातून एकदाच खरेदी करतात आणि बाकीचे अकरा महिने मसाल्याचा विचारही करत नाहीत, त्यांच्यासमोर वर्षभर काय ठेवावे? फॉलोअर हा आकडा फसवा असेल, तर कोणता आकडा पाहावा? भाषा कोणती ठेवावी? ‘देठ खुडणे’, ‘ऊन दाखवणे’, ‘खमंग भाजणे’ हे मला हिंदीत सांगता येते, पण ते सांगताना माझे मलाच परके वाटते. जाहिरातीसाठी या हंगामात पंधरा हजार रुपये बाजूला काढता येतील; ते कुठे लावावेत? आणि फोनमधल्या सुमारे चारशे जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर यादी करून संदेश पाठवला, तर त्यांतल्या अनेकांना तो पोहोचलाच नाही, असे का झाले असावे?

ज्यांनी छोट्या घरगुती व्यवसायासाठी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

ताई, मी स्वतः हातमागाच्या साड्या विकतो आणि याच वाटेने ठेचकाळत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हॉट्सअ‍ॅपचा उलगडा आधी करतो, कारण तो सोपा आहे. एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांपर्यंतच मर्यादा असते, आणि ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो संदेश जातो. आपल्याकडे त्यांचे नंबर असून उपयोग नाही. त्यांच्याकडे आपला असायला हवा. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधून मिळणारा क्यूआर कोड प्रत्येक पाकिटावर आणि दुकानाच्या गल्ल्याशेजारी लावा, आणि मसाला बांधून देतानाच ‘नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी मिरची आली की कळवू’ असे तोंडाने सांगा. माझ्याकडे या एका वाक्याने जेवढे काम केले तेवढे कोणत्याही पोस्टने केले नाही.

आता रीलविषयी. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली, तेव्हापासून अनोळखी माणसांपर्यंत जाण्याचा हा मोठा रस्ता झाला आहे. मात्र अनोळखी म्हणजे कोण, हे आपण काय दाखवतो यावरून ठरते. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितले होते की रील किती वेळ पाहिले जाते, किती जणांना आवडते आणि किती जण ते दुसऱ्याला पाठवतात, या तीन गोष्टींना सर्वाधिक महत्त्व असते, आणि नव्या लोकांपर्यंत जाण्यासाठी पाठवणे विशेष मोलाचे ठरते. तुमचे डंकाचे रील लोकांनी टक लावून पाहिले, म्हणून ते तसेच टक लावून पाहणाऱ्यांकडे गेले. आता स्वतःला विचारा की डोंबिवलीची मुलगी आपल्या आईला किंवा मावशीला काय पाठवील. एका घरी किलोभर मिरचीला पाव किलो धणे पडतात आणि दुसऱ्या घरी अर्धा किलो, असे का. संकेश्वरी आणि ब्याडगी किती-किती घ्यावी म्हणजे रंगही येईल आणि तिखटही राहील. पावसाळ्यात मसाल्याला जाळी लागू नये म्हणून काय करावे. हे मराठीतच सांगा. ज्यांना ‘देठ खुडणे’ समजते तेच तुमचे गिऱ्हाईक आहे, आणि तो शब्द कानावर पडताच ते थांबेल. आकडा पाहायचाच असेल तर किती जणांनी पोस्ट साठवली, किती जणांनी पाठवली आणि त्यानंतर किती चौकश्या आल्या, हे पाहा. प्रत्येक मागणीच्या वेळी ‘आमच्याविषयी कुठून कळले?’ असे विचारून वहीत टिपून ठेवा.

वर्षभर काय ठेवावे, याचे उत्तर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. किर्लोस्करवाडीहून नांगर विकणाऱ्या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली आणि शंकरराव किर्लोस्करांनी ती वाढवत नेली, इतकी की पुढे ते महाराष्ट्रातले एक महत्त्वाचे मासिक झाले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ही निघाले. नांगर काही कोणी दर महिन्याला घेत नाही. तरीही वाचण्याजोगे काही दर महिन्याला घरी आले, तर ते पाठवणाऱ्याचे नाव घरातलेच होऊन जाते. कंटेंट मार्केटिंग, म्हणजे उपयोगाचा मजकूर देत देत गिऱ्हाईक जोडणे, हा शब्द आपल्याकडे येण्याच्या किती तरी आधीची ही गोष्ट आहे, आणि मला ती आजही अनेक व्याख्यानांपेक्षा उपयोगाची वाटते.

पंधरा हजार रुपये पोस्टखालचे ‘बूस्ट’चे, म्हणजे पैसे भरून तीच पोस्ट अधिक लोकांना दाखवण्याचे, बटण दाबून खर्च करू नका. अ‍ॅड्स मॅनेजर या जाहिराती लावण्याच्या साधनातून, दाबताच थेट व्हॉट्सअ‍ॅप संभाषण उघडेल अशी जाहिरात करा, नकाशावर डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार एवढेच भाग निवडा, आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच लावा. सुरुवातीला प्रत्येक भागाला थोडेच पैसे ठेवा आणि चौकशी जिथून येईल तिथे वाढवा. त्या संस्थेने आणलेली रिकामी खाती फॉलोअरच्या यादीतून काढून टाका. आकडा घसरेल, घसरू द्या.

प्रतिसाद :

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. माझी आई परळहून बदलापूरला आली, तरी दरवर्षी लालबागहूनच मसाला करून आणत असे. ती गेल्यावर मला प्रमाण ठाऊक नव्हते, आणि दुकानात जाऊन ‘मला काही माहीत नाही’ असे म्हणण्याचा संकोच वाटला, म्हणून मी तयार पाकीट घेऊ लागले. ‘तुमच्या आईचे प्रमाण आठवत नसेल तर गाव सांगा, आम्ही काढून देऊ’ असे कोणी म्हटले असते, तर मी त्याच दिवशी फोन केला असता.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्या उठल्या आणि कपाटातून सासऱ्यांच्या तीन वह्या घेऊन आल्या. प्रत्येक पानावर घराचे नाव, गाव, आणि खाली मिरची, धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर यांची वजने आहेत; काही पानांवर ‘तिखट कमी, लहान मूल आहे’ अशा नोंदीही आहेत. हंगामात मी यांचीच मालिका करावी असे ठरवते आहे. घराचे नाव न घेता फक्त तालुका आणि प्रमाण सांगायचे, आणि शेवटी तुम्ही सुचवलेले तेच वाक्य म्हणायचे. ज्यांचा पत्ता लागतो त्यांना आधी फोन करून परवानगी विचारणार आहे, कारण ही प्रमाणे आमच्या वहीत असली तरी मूळची त्यांच्या घरची आहेत.

एवढेच विचारायचे राहिले आहे : ज्या घरांचा आता काहीच पत्ता लागत नाही, त्यांची पाने नाव गाळूनही दाखवणे योग्य ठरेल का, की ती तशीच मिटून ठेवावीत? आपल्यापैकी कोणाच्या घरी मसाल्यासाठी लालबागला येणे होत असेल, तर त्यांचे मत मला विशेष हवे आहे.