अनुभव धागा: घरच्यांवर, मित्रांवर, आपल्या जागांवर केलेल्या कविता

आपल्या माणसांवर किंवा जिवाभावाच्या जागेवर कधी कविता केलीय? इथे सांगा. मान्यवरांच्या कविता नकोत, स्वतःच्याच. कविता टाका किंवा टाकू नका, पण ती ज्यांच्यावर केली त्यांना दाखवली का आणि ते काय म्हणाले, हे जरूर लिहा.

*

'बाबा म्हणजे वटवृक्ष' छापाच्या कविता मला सोसत नाहीत. तिथे कुणाचेही बाबा बसवता येतात. माझी अष्टाक्षरी:

दार लावूनही बाबा
पुन्हा ओढून बघती
आम्ही झोपलो की मग
हळू खोकून निजती

बाबांना वाचून दाखवली. म्हणाले, "कडी सैल आहे, म्हणून ओढून बघतो. सुताराला सांग."

*

आमच्या शाळेच्या ग्रुपवर प्रत्येकाच्या वाढदिवसाला चारोळी पडते. साहित्यमूल्य शून्य. तरी उशीर झाला की उत्सवमूर्तीचा फोन येतो.

*

आईचं माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात भीमेचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला लोक होडीतून जातात. आईलाही नेलं होतं. तिला लिहिता येत नाही, पण जात्यावर बसलेली बाई, ओवी तोंडातच असते. होडीतच म्हणाली:

गाव माझं पाण्याखाली, वर चालतीया होडी
वल्हं मार रं जपून, खाली माझ्या बाची माडी

घरी आल्यावर उतरवून घ्यायला बसलो, तर दर वेळी ओळ वेगळी. कधी 'बाची', कधी 'भावाची'. बरोबर कुठली विचारलं, तर म्हणे दोन्ही. तेव्हापासून वही बाजूला ठेवून फोनवर रेकॉर्ड करतो आणि ओवीची सगळी रूपं ठेवतो. कुणाच्या घरी अशी म्हातारी माणसं असतील तर तुम्हीही तेच करा. आपण एकच ओळ 'शुद्ध' ठरवली की बाकीच्या मरतात.

आणि माडी? मामा सांगतो, घर दोन खणांचं होतं, माडी नव्हतीच. आईला विचारलं. म्हणाली, "होडीला काय जुळवू मग?"

*

वरची ओवी वाचून गप्प बसावंसं वाटलं, तरी लिहिते. बहिणीच्या घटस्फोटावर माझी एक दीर्घ कविता आहे, मुक्तछंदात. माझ्या मते मी लिहिलेली सगळ्यात बरी. आधी तिलाच वाचायला दिली. तिने शांतपणे वाचली आणि म्हणाली, "छान आहे. छापू नकोस." दिवाळी अंकाला पाठवायचं पाकीट तयार होतं, ते तसंच आहे. कविता माझी असली तरी घटस्फोट तिचा आहे. नावं बदलून छापता येईल असं एक-दोघांनी सुचवलं, पण आमच्या नात्यात कोण ओळखणार नाही?

*

मी घरचा हुकमी मंगलाष्टककार. शार्दूलविक्रीडित, ओळीत 19 अक्षरं, बाराव्यावर यती म्हणजे थांबा, आणि एवढ्यात दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, मावश्या कोंबायच्या. वृत्त सांभाळता येतं, नातेवाईक नाही. सध्या भाचीच्या लग्नात अडकलोय. आत्याच्या नावात चार अक्षरं, चारही गुरू, म्हणजे लांब उच्चाराची. लागोपाठ चार गुरू या वृत्तात कुठेच येत नाहीत, ओळीच्या सुरुवातीला जेमतेम तीन मिळतात. शेवटचं 'बाई' गाळून बघितलं, तर एकेरी वाटतं म्हणून आत्या रुसल्या. लग्न तोंडावर आलंय. कुणी सोडवेल का?

*

मंगलाष्टकवाले, नावाचा हट्ट सोडा. सरळ 'आत्या' लिहा. दोन गुरू, ओळीच्या सुरुवातीलाच बसतात. पहिला मान मिळाला म्हणून आत्या खूश. मावशीकडून काही ऐकावं लागलं तर ते तुमचं तुम्ही बघा.